आगळाला बॅटरी लागत नाही

कोकमाच्या आगळाला बॅटरी लागत नाही, हे मी लेखी दिलेलं आहे. बॅटरी वस्तूसोबत मिळते का, याही प्रश्नाला 'नाही' असं उत्तर दिलं आहे. वस्तू जोडण्यासाठी अवजारं लागतात का? नाही. वस्तू कोणासाठी : पुरुष, स्त्रिया, मुलं की सर्व? सर्व. रंग? इथं जरा थांबलो. दिलेल्या रंगांत लाल होता, जांभळा होता आणि 'वाइन' नावाचाही एक होता. तो निवडावा तर उत्पादन शुल्क खात्याचं दार उघडायचं, म्हणून जांभळ्यावर भागवलं. चवीच्या रकान्यात चॉकलेट, व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, आंबा, मिश्र फळं आणि 'चव नाही' असे पर्याय होते. आंबट नव्हतं, खारट नव्हतं. शेवटी 'इतर' निवडलं. ऑनलाइन बाजारात आमचं अख्खं कोकण या 'इतर'मध्ये राहतं. तिरफळं तिथंच, कुळथाचं पीठ तिथंच, फणसपोळीही तिथंच.

आम्ही कुडाळचे. बायको आगळ, आमसुलं आणि मालवणी मसाला करते. मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून लेबलं चिकटवतो. माल ओळखीपाळखीत खपत होता, उधारीही ओळखीपाळखीतच होती, सगळं सुरळीत चाललं होतं. मग पुण्याचा पुतण्या मे महिन्यात आंबे खायला आला आणि जाताना म्हणाला, "काका, ऑनलाइन टाका. सगळा देश तुमचं गिऱ्हाईक." वाक्य शंभर टक्के खरं निघालं. सगळा देशच गिऱ्हाईक झाला, आणि त्यातल्या बऱ्याच देशाला आगळ म्हणजे काय ते माहीत नाही.

आधी कागद. गावात दुकान थाटून माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर जाईपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. तोच माल ऑनलाइन बाजारातून परराज्यात धाडायचा तर पहिल्या बाटलीपासून लागते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून यातून सूट मिळाली, पण आमचा त्यात काय फायदा? बांदा ओलांडलं की पत्रादेवीला गोवा लागतो. आमच्याकडून मेहुणीकडे जायचं तरी परराज्य. खाद्यपदार्थांची नोंदणी मात्र वर्षाला १०० रुपयांत झाली. या सगळ्या प्रकरणात स्वस्त म्हणावा असा तेवढाच एक आकडा. त्यांनी १४ अंकी क्रमांक दिला. बायकोने तो डायरीत लिहून ठेवलाय, देवघरात.

मग फोटो. फोटोची पार्श्वभूमी शुभ्र पांढरी हवी, दुसरं काहीही दिसता कामा नये, हा नियम. आम्ही पाठवलेल्या फोटोत मागे अंगण होतं, सुपात रातांबे होते, कोपऱ्यात मांजर होतं. फोटो परत आला. पांढऱ्यावर काढलेला पास झाला. शुभ्र पार्श्वभूमीवर आगळाची बाटली ट्रॅक्टरच्या जळक्या ऑइलसारखी दिसते, हे तेव्हा कळलं. पण ऑइलला हरकत नव्हती, मांजराला होती.

वर्णनात बायकोने 'पित्तावर गुणकारी' असं लिहायला लावलं. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावायचं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. ऑनलाइन बाजाराच्या यंत्राने चार तासांत लिस्टिंग बंद केलं. कारण : वैद्यकीय दावा. खाद्यपदार्थ विकताना रोग बरा होतो असं छापायचं नाही, असा कायदाच आहे आणि तो योग्य कारणासाठी आहे. मी दावा काढून टाकला. त्या दिवशी बायको माझ्याशी फारशी बोलली नाही, आणि माझ्या पित्ताची चौकशी तर तिने मुळीच केली नाही.

आता पैशांकडे येतो, कारण वाचकांना खरी उत्सुकता त्याची असते. एक लिटर आगळ, विक्री ३२० रुपयांना. बाजाराचं कमिशन २८ रुपये ८० पैसे. ठरावीक शुल्क २५ रुपये. हे कशाबद्दल, तर विक्री झाल्याबद्दल. वाहतूक ११८ रुपये. या तिन्हींवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३० रुपये ९२ पैसे. शिवाय बाजार आपल्या वतीने कर वगळलेल्या किमतीचा अर्धा टक्का जीएसटी खात्यात भरतो, तो १ रुपया ५२ पैसे, आणि ०.१ टक्का आयकर खात्यात, तो ३२ पैसे. हे शेवटचे दोन आकडे पुढे आपल्या खात्यात वळते होतात. ते ३२ पैसे वळते करून घेण्यासाठी सनदी लेखापाल किती घेतो, ते इथं लिहीत नाही; त्याचं घर आमच्याच आळीत आहे. उरले ११५ रुपये ४४ पैसे. त्यातून बाटली, बूच, खोका, बबल रॅप, टेप. मग रातांबे आणि मीठ. बायकोची मेहनत हा रकाना त्या विवरणपत्रात नाही. 'इतर'मध्येही नाही.

यातल्या ११८ रुपयांवर माझा विशेष राग आहे. भरलेली बाटली दीड किलोच्या आत. पण खोका ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद, २० उंच. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करतात आणि ५००० ने भागतात. आमच्या खोक्याचं उत्तर येतं २.४ आणि आकार लागतो अडीच किलोचा. म्हणजे वरच्या एक किलोत आगळ नाही, काच नाही, काही नाही. ती आमच्या अंगणातली हवा आहे, आणि तिचं भाडं आम्ही भरतो. खोका लहान केला तर बाटली फुटते. बाटली फुटली तर तो आमच्या पॅकिंगचा दोष. हवा भरा, नाहीतर भरपाई भरा.

बाटली फुटणार नाही तर काय होईल? तिचा प्रवास बघा. पेडण्याच्या एका बाईंनी ऑर्डर दिली. कुडाळहून पेडणे म्हणजे गाडीने तासाभराचं काम. मी स्वतः स्कूटरवरून देऊन चहा पिऊन आलो असतो. पण तसं चालत नाही. माल बाजाराच्याच वाहतुकीने जायला हवा. बाटली कुडाळहून निघाली ती पेडण्याकडे पाठ करून भिवंडीला गेली, तिथल्या गोदामात दोन रात्री राहिली, आणि मग उलट फिरून, कुडाळवरूनच, पेडण्याला गेली. ज्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं त्या महामार्गावरून दोनदा. मोबाइलवर तिचा ठावठिकाणा दिसत होता. ज्या पहाटे ती आमच्या घरापासून दोन किलोमीटरवरून जात होती त्या पहाटे बायको म्हणाली, "अहो, थांबवता नाही का येणार?" नाही येत.

एवढं करून पत्ता सापडला तर. पिनकोड ही आपल्याच माणसाची देणगी. श्रीराम भिकाजी वेलणकर, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांची सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर लागू झाली. एका नावाची दहा गावं असलेल्या देशात पत्र नेमकं पोचावं म्हणून त्यांनी डोकं चालवलं. गिऱ्हाईक सहा आकडे बरोबर टाकतं आणि पुढे पत्ता लिहितं : 'शाळेजवळ'. एकाने लिहिलं होतं, 'स्टेशनवर आल्यावर फोन करा'. फोन केला तर उचलत नाही, कारण अनोळखी नंबर. आणि घरी पोचल्यावर पैसे द्यायचे असतील तर गिऱ्हाइकाचं मन बदलायला रस्ता मोकळाच असतो.

हे दुःख नवं नाही, हे मान्य. टपाल खात्याने माल पोचल्यावर पैसे घेण्याची सोय, म्हणजे व्ही.पी., १८७७ मध्येच सुरू केली. पुस्तकाची व्ही.पी. सोडवून न घेणारे सद्गृहस्थ मराठी प्रकाशकांना पिढ्यान्‌पिढ्या भेटत आले. पण पुस्तक परत आलं तर कोपरे दुमडून येतं. आगळ परत येतं तेव्हा खोका जांभळा झालेला असतो, आणि कुरिअरच्या गाडीत शेजारी कुणाचा तरी पांढरा सदरा होता, अशी तक्रारही त्याबरोबर येते.

परतीचे दोन प्रकार. पहिला, माणूस घरी नव्हता किंवा 'नको' म्हणाला. यात विक्री शून्य, बाटली फिरून आली एवढंच. दुसरा प्रकार अधिक सर्जनशील. गिऱ्हाईक माल घेतं, वापरतं आणि 'वर्णनाप्रमाणे नाही' असं कारण टाकून परत करतं. एकदा बाटली परत आली ती भरलेली होती. सील तुटलेलं. उघडून वास घेतला तर कसलाच वास नाही. आगळ काढून आत पाणी भरलं होतं, आणि रंग यावा म्हणून तळाशी थोडं आगळ ठेवलं होतं. बायको बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सोलकढी तरी चांगली झाली असेल का हो?"

दावा लावायचा तर पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे व्हिडिओ. मध्ये कुठेही न तोडलेला, लेबल स्पष्ट दिसणारा, खोका उघडण्याआधीपासून बाटली बाहेर येईपर्यंतचा. म्हणून आमच्याकडे आता परत आलेल्या प्रत्येक पार्सलचा पंचनामा होतो. मी मोबाइल धरतो. बायको खोक्याच्या सहाही बाजू दाखवते, नंबर मोठ्याने वाचते, कात्री दाखवते, मग कापते. पंच म्हणून शेजारच्या काकूंना बोलावून बघितलं, पण त्या मध्येच "गो, भात उतू जाता तुझो" असं ओरडल्या आणि व्हिडिओ बाद झाला. पाण्याच्या बाटलीचा दावा फेटाळला गेला. कारण, व्हिडिओत बाटलीतला द्रव 'दृश्यतः वर्णनाशी सुसंगत' होता. जांभळा होता ना!

आता अभिप्राय. आगळ म्हणजे मिठात मुरवलेल्या रातांब्याचा घट्ट रस. नारळाच्या दुधात दोन चमचे घातलं की सोलकढी होते. बाटलीवर मराठी, हिंदी, इंग्रजीत छापलेलं आहे : 'हे सरबत नाही.' त्याखालचे अभिप्राय : 

एक तारा. 'सरबत म्हणून ग्लासभर बर्फ घालून प्यायलो. समुद्राचं पाणी आहे.' एक तारा. 'फार आंबट.' दोन तारे. 'माल उत्तम, नवऱ्याला आवडला नाही.' एक तारा. 'डिलिव्हरीवाला लिफ्टपर्यंतच आला.' पाच तारे. 'अजून उघडलेलं नाही.' या पाच ताऱ्यांच्या बाईंमुळे आमची सरासरी तग धरून आहे. त्यांनी बाटली कधीच उघडू नये अशी आमची प्रार्थना आहे. खाली कुणी विचारलं होतं, 'हे केसांना लावलं तर चालेल का?' त्यावर दुसऱ्या ग्राहकाचं उत्तर : 'मला माहीत नाही, मी घेतलेलं नाही.' हे उत्तर बारा जणांना उपयुक्त वाटलं.

कुडाळच्या आठवडी बाजारात फरशीवर आमसुलं घेऊन बसणाऱ्या बाया असतात. त्यांच्यापुढे एक चाकरमानी आमसूल चाटून "फार आंबट आहे" म्हणाला. बाई मान वर न करता म्हणाली, "कोकम आंबट नाय तर काय गोड आसतला?" तो दोन पुड्या घेऊन गेला. या एका वाक्यासाठी माणूस धंदा करतो. गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनावता येणं हा आपल्याकडच्या दुकानदारीचा निम्मा नफा होता. दुपारी दुकान बंद ठेवणारे, 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी अभिमानाने लावणारे, सुट्टे नसतील तर माल परत ठेवा म्हणणारे, हे सगळे आज ऑनलाइन असते तर पहिल्या आठवड्यात त्यांचं खातं निलंबित झालं असतं. आम्हाला उत्तर द्यायची सोय आहे. एक चौकट आहे. तिच्यात मी लिहिलं, 'साहेब, आगळ खारटच असतं.' यंत्राने ते अडवलं. त्याऐवजी तयार मजकूर सुचवला : 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' कोकम आंबट असल्याबद्दल मी आजवर बऱ्याच राज्यांची माफी मागितलेली आहे.

माल नेणारा पोरगा मात्र माणूस आहे, आणि गोड आहे. तो फोन करतो, "काकानू, आज गाडी फुल आसा, फाल्यां येतंय." मी म्हणतो, ये बाबा. तिकडे यंत्रात नोंद होते, 'विक्रेत्याने माल तयार ठेवला नाही', आणि आमच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. त्या पोराला सांगितलं तर तो म्हणाला, "दुसरो पर्यायच नाय थंय." त्याच्या मोबाइलवर 'गाडीत जागा नाही' असं बटणच नव्हतं. खरंच नव्हतं, मी बघितलं.

तक्रार करायला 'सेलर सपोर्ट' आहे. तिकीट काढावं लागतं. उत्तर येतं, खाली एक प्रसन्न नाव असतं. त्या नावाला आपण खुलासा पाठवला की दुसरं प्रसन्न नाव पहिल्यापासून सुरुवात करतं. तिसरं नाव आपलं तिकीट 'समाधानकारकरीत्या निकाली' म्हणून बंद करतं आणि चौथं विचारतं, 'आमची सेवा कशी वाटली?' इथं मात्र तारे देणारे आपण. मी एक तारा दिला. लगेच निरोप आला : दिलगीर आहोत.

या सगळ्यात दुकानदार नेमका कोण, असा प्रश्न बँकेतल्या सवयीने मला पडला. नियम काढून वाचले. ज्या ऑनलाइन बाजारात परदेशी भांडवल आहे त्याला स्वतःचा माल ठेवून थेट ग्राहकाला विकता येत नाही. तो फक्त मंच. दुकान त्याचं नाही, दुकान आपलं. फक्त दुकानाची पाटी, भाडं, वेळ, वाहतूक, परतीची अट आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर त्याच्याकडे. दिवाळीच्या आधी महासेल लागतो तेव्हा आपल्याच दुकानातली सूटही तोच 'सुचवतो'. सूट द्यायची की नाही हे आपण ठरवायचं. नाही दिली तर आपली बाटली शोधणाऱ्याला सत्ताविसाव्या पानावर सापडते.

ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियमही वाचले. ग्राहकाची तक्रार आली तर ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण. छान नियम आहे. विक्रेत्याने ग्राहकाचं सोंग घेऊन स्वतःच्याच मालाबद्दल अभिप्राय लिहू नये, असंही त्यात आहे. तेही योग्य. बाटली न उघडता अभिप्राय लिहू नये, असं मात्र कुठं सापडलं नाही. आणि आम्ही? आम्ही ग्राहक नाही, त्यामुळे ४८ तास आमचे नव्हेत. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत काढली तेव्हा दुकानदाराची अरेरावी इतकी जबर होती की ग्राहकाला पंचायत हवीच होती. आमचा बँकेतला सगळा स्टाफ तिच्या बाजूचा. तेव्हा गल्ल्यामागे बसलेल्याचीही कधी पंचायत होईल, असं कुणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही.

तरीही विकणं बंद केलेलं नाही. कारण सांगतो. आमच्याच फोटोवर, त्याच लिस्टिंगखाली, आता दुसराच कुणी विक्रेता लाल रंगाचं काहीतरी साठ रुपये स्वस्त विकतो आहे. आपण निघून गेलो तर कोकमाच्या नावाखाली तेवढंच उरेल, आणि लोक तेच आगळ समजतील. त्याच्या मालाला साडेचार तारे आहेत. ते खारट नाही.

पावसाआधीचं आगळ भरून तयार आहे. तुम्ही मागवणार असाल तर तीनच विनंत्या. पत्त्यात शाळेचं नाव लिहा, नुसतं 'शाळेजवळ' नको. बाटली आल्यावर आधी लेबल वाचा, मग ग्लास घ्या. खरं तर ग्लास घेऊच नका, नारळ खवायला घ्या. आणि त्या दोन-तीन दिवसांत अनोळखी नंबरवरून फोन आला तर कृपा करून उचला. कर्ज देणारे रोजच फोन करतात. एखादवेळी तो आमची बाटली आणणारा पोरगा असेल, तुमच्या दाराशी उभा.